जाऊबाई आणि मी, सेव्हिलला

अमरावतीच्या एमआयडीसीतल्या एका कापड कंपनीत मी काम करते. आमचं शर्टिंगचं कापड परदेशातल्या गिऱ्हाइकांना दाखवायचं, भाव ठरवायचा, माल पोचला की तक्रारी ऐकायच्या, हे माझं काम. त्यासाठी वर्षातून पाच-सहा वेळा युरोपात जावं लागतं. बडनेऱ्याहून मुंबईची गाडी, तिथून विमान, मग टॅक्सी, हॉटेल, गिऱ्हाइकाचं ऑफिस, परत हॉटेल आणि परत विमान. नात्यागोत्यात मी 'जग पाहिलेली' म्हणून प्रसिद्ध आहे. अकोल्याला माहेरी गेले की वडील शेजाऱ्यांना बोलावून माझ्यासमोर बसवतात आणि म्हणतात, "विचारा हिला काय विचारायचं ते." लोक विचारतात. मी विमानतळ किती मोठे असतात ते सांगते, थंडी किती असते ते सांगते. त्यापुढे माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं नसायचं, पण ते कुणाच्या लक्षात येत नसे.

ते पहिल्यांदा लक्षात आलं माझ्या मोठ्या जावेच्या.

आम्ही अजून एकत्र राहतो. खाली भासरे, म्हणजे यजमानांचे मोठे भाऊ, आणि जाऊबाई, वर आम्ही, स्वयंपाकघर एकच. भासऱ्यांचं चांदूर बाजारला बी-बियाण्यांचं दुकान आहे, ते रोज जाऊन-येऊन करतात. माझे यजमान बँकेत. जावेला मी 'बाई' म्हणते. लग्न होऊन आले तेव्हा त्याच घर चालवत होत्या आणि आजही त्याच चालवतात. माझी मुलगी अडीच-तीन वर्षांची असताना मी या नोकरीला लागले, आणि तेव्हापासून मी बाहेरगावी गेले की मुलगी बाईंजवळ. ती त्यांना 'मोठी आई' म्हणते. मला नुसतं 'आई'. आता ती पुण्याला शिकते. बाईंचा मुलगा तिच्यापेक्षा बराच मोठा, तो हैदराबादला नोकरीला असतो.

त्या दिवशी मी बॅग भरत होते आणि बाई माझ्यासाठी दशम्या बांधून घेऊन वर आल्या. प्रत्येक दौऱ्याला त्या दशम्या आणि तिळाची चटणी देतात. पलंगाच्या कडेला बसून त्यांनी विचारलं, "कुठी चालली यावेळी?"

"माद्रिदला. स्पेनमध्ये."

"तिथी तं तू मागं बी गेलती. कसं आहे वं ते गाव?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला काही सुचेना. त्या गावाला मी चार-पाच वेळा जाऊन आले होते. विमानतळाहून ऑफिसकडे जाणारा रस्ता आठवत होता, हॉटेलची लिफ्ट आठवत होती.

"पाह्यलंच नाही मी, बाई," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. "एवढ्या दूर जाऊन?" म्हणाल्या आणि खाली गेल्या.

ते वाक्य माझ्यासोबत माद्रिदला आलं. परतताना विमानात मी ठरवलं की पुढच्या दौऱ्याला जोडून दोन-तीन दिवस रजा काढायची, एखादं गाव नीट पाहायचं आणि बाईंना सोबत न्यायचं. ठरवलं ते उपकार फेडायचे म्हणून, हे लपवण्यात अर्थ नाही. इतकी वर्षं मी दर दौऱ्याहून त्यांना काही ना काही आणत होते. शाल, चॉकलेटं, स्टीलची किसणी. त्या ते घेत, कपाटात ठेवत आणि बहुतेक वेळा कुणाला तरी देऊन टाकत.

घरी विषय काढला तेव्हा यजमान लगेच हो म्हणाले. भासरे जेवत होते. ते बाईंना म्हणाले, "तिले कामासाठी जा लागते. तू काय करशीन तिकडं?"

"पाहीन," बाई म्हणाल्या.

"काय पाहशीन?"

"जे असन ते."

भासऱ्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "जा मंग. पासपोर्ट तं पडलाच आहे." मुलानं पूर्वी कधी तरी सिंगापूरला न्यायचं म्हणून तो काढून घेतला होता, ते जाणं काही झालं नव्हतं. व्हिसासाठी आम्ही दोघी नागपूरला गेलो. खिडकीवरच्या मुलीनं हिंदीत विचारलं, "कोई बिझनेस है आपका वहाँ?" बाई म्हणाल्या, "नहीं. घूमने जा रहे." आणि माझ्याकडे पाहून हळूच हसल्या. घूमने हा शब्द त्यांनी स्वतःबद्दल पहिल्यांदाच वापरला असावा.

मार्च नुकताच लागला होता तेव्हा आम्ही निघालो. अमरावतीत पंखे सुरू झाले होते. बाईंनी साडीवर मुलाचा जुना स्वेटर आणि पायात माझ्या मुलीचे स्पोर्ट शूज घातले होते, आणि या वेशात त्या विमानतळावर इतक्या सरळ चालत होत्या की मीच त्यांच्या मागे पडत होते. विमानात त्यांनी खिडकी सोडली नाही.

माद्रिदला माझं एका दिवसाचं काम होतं. सकाळी त्यांना हॉटेलच्या खोलीत बसवून, टीव्ही कसा लावायचा ते दाखवून मी गेले. संध्याकाळी परत आले तर टीव्ही बंद होता. दोन्ही पलंगांच्या चादरी ताठ ताणलेल्या, माझा सकाळचा कप धुऊन पालथा घातलेला. बाई खुर्ची खिडकीपाशी ओढून बसल्या होत्या. खिडकीतून समोरच्या इमारतीची राखाडी भिंत दिसत होती.

"ही खिडकी उघडत नाई," त्या म्हणाल्या.

"नाही उघडत. सगळीकडे अशाच असतात."

"तू अशीच राहतं होय?"

"हो."

"अन् जेवतं कोनासंग?"

"एकटीच. कंटाळा आला तर इथंच मागवते."

त्यांनी खोलीभर पाहिलं, जणू दिवसभर पाहून झालं नव्हतं. मग म्हणाल्या, "मले वाटे तिथी तुहा थाट असन. घरी आली की तुह्या चेहऱ्यावर काई नसे. मंग मी म्हनो, तिकडचं पाहून आल्यावर हिले आपलं घर बरं नसन वाटत."

त्यांनी पिशवीतून दशम्या काढल्या, कागदावर चटणी घातली आणि आम्ही पलंगावर मांडी घालून जेवलो. त्या खोलीसारख्या कितीतरी खोल्यांत मी जेवले होते. कुणी समोर बसून जेवण्याची ती पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी आगगाडीनं सेव्हिलला गेलो. दक्षिणेकडचं जुनं शहर, मोठी नदी, जुनं चर्च, माद्रिदपेक्षा ऊन बरं, एवढंच वाचून मी ते निवडलं होतं. वाटेत मैलोन्‌मैल ऑलिव्हच्या बागा लागल्या. बाईंनी नाक काचेला लावलं. "लावलं मात्र सरीत आहे," एवढाच अभिप्राय दिला. त्या शेंदूरजनाघाटच्या. त्यांच्या वडिलांची संत्र्याची बाग होती, आता भाऊ पाहतात. झाड दिसलं की त्या आधी ओळ पाहतात, मग बुंधा आणि फळ सगळ्यात शेवटी.

आणि सेव्हिलला उतरून टॅक्सीतून हॉटेलकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही कडांना संत्र्याची झाडं होती. शोभेला एखाद-दुसरं नव्हे, सगळ्या रस्त्याला. आपल्याकडे कडुनिंब असतो तशी. झाडं फळांनी लगडलेली आणि काही झाडांवर फळांसोबतच पांढरा बहारही फुटलेला. बाईंनी माझा हात धरला. "थांबव," म्हणाल्या. टॅक्सी थांबवता येण्यासारखी जागा नव्हती. हॉटेलात सामान टाकल्याबरोबर त्यांनी मला बाहेर काढलं.

फुटपाथवर संत्री पडली होती. लोक ती पायानं बाजूला सारून चालत होते. कुणी वाकून उचलत नव्हतं. बाई एका झाडाखाली उभ्या राहिल्या, बहाराचा वास घेतला, बुंध्यावरून हात फिरवला. मग एक ताजं पडलेलं फळ उचललं, पदरानं पुसलं आणि सोललं. साल घट्ट होतं, आपल्या संत्र्यासारखं सैल नव्हतं. एक फोड तोंडात घातली आणि त्यांचा सगळा चेहरा आक्रसला.

"कडू जहर," त्या म्हणाल्या आणि उरलेलं माझ्या हातात दिलं. मीही चाखलं. जीभ आंबट की कडू ते ठरवू शकली नाही.

"तरी मी म्हनो, फुकटचं फळ अन् कोनी हात काहून लावत नाई."

पुढच्या चौकात नगरपालिकेची माणसं झाडं झोडपून संत्री पाडत होती. खाली ताडपत्री, बाजूला ट्रॅक्टर. बाईंना ते झोडपणं पाहवेना. त्या तरातरा पुढे गेल्या आणि काठी धरलेल्या एका उंच माणसाला म्हणाल्या, "अरे दादा, बहार आहे त्याले. बहार झडून राहिला सारा." त्या माणसानं काठी खाली घेतली. साडी, स्वेटर, स्पोर्ट शूज असं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अतिशय आदरानं मान लववली. मग माझ्याकडे वळून त्यानं सांगितलं की या फळांचा मुरंबा होतो, बराचसा इंग्लंडला जातो. मला कामापुरतं स्पॅनिश येतं, तेवढ्यावर मी बाईंना समजावलं.

"मुरंबा होते तं ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पन हातानं तोड म्हना."

मी ते भाषांतर केलं नाही.

त्या दिवशी आम्ही खूप हिंडलो. दुपारी एका छोट्या खानावळीत मी शाकाहारी काय आहे ते विचारलं, तर त्यांनी मातीच्या वाटीत पालक आणि हरभऱ्याची भाजी आणून ठेवली. वर जिऱ्याचा वास. बाईंनी पावाबरोबर पूर्ण वाटी संपवली आणि म्हणाल्या, "तिखट टाकाले विसरले, बाकी आपलंच आहे." चर्चच्या आत त्यांनी हात जोडले. बाहेर घोडागाड्या उभ्या होत्या, पण त्यांना बसायचं नव्हतं. "घोडा थकला दिसते," म्हणाल्या. मला आठवतं, त्या दिवशी मी मोबाइल फक्त फोटो काढायला हातात घेतला होता.

दुसऱ्या दिवशी तसं झालं नाही. सकाळी जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांत फिरत होतो. पांढऱ्या भिंती, लोखंडी गजांच्या खिडक्या, दोन माणसं शेजारी चालली तर तिसऱ्याला थांबावं लागेल एवढ्या अरुंद वाटा. एका लहान चौकात बाकावर बसलो आणि ऑफिसचा फोन आला. पोर्तुगालच्या गिऱ्हाइकाकडे पोचलेल्या मालाच्या रंगात फरक आहे म्हणून तक्रार होती. आमच्या इथं रंगविभागाचे लोक लाइनवर, तिकडे गिऱ्हाईक लाइनवर आणि मध्ये मी. मी रजेवर आहे हे सांगून पाहिलं. कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही.

बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग हातानंच खूण केली की इथंच जरा फिरून येते. मी मान हलवली. त्यांचा मोबाइल माझ्याच पर्समध्ये होता, कारण त्यावर फोटो चांगले येतात म्हणून मी तो घेतला होता. हे मला तेव्हा सुचलं नाही.

फोन संपला तेव्हा बाकावरचं ऊन दुसऱ्या टोकाला गेलं होतं आणि बाई कुठं दिसत नव्हत्या.

प्रथम मी जागच्या जागी थांबले, कारण त्या परत येतील तर इथंच येतील. नंतर एका गल्लीत शिरले, तिथून दुसऱ्या. हॉटेलात जाऊन पाहिलं, नव्हत्या. हॉटेलचं कार्ड मी त्यांच्या बटव्यात ठेवलं होतं, पण ते दाखवून त्या कुणाला काय विचारणार? चर्चच्या मैदानात गेले. तिथं सगळ्या देशांची माणसं होती. भासऱ्यांना फोन करून काय सांगायचं, ही वाक्यं डोक्यात आपोआप तयार होऊ लागली. विमानं चुकली, सामान हरवलं, परक्या गावात तापानं पडले, असं बरंच काही माझ्या वाट्याला आलेलं आहे. पण त्यातलं काही इतकं भीतीचं नव्हतं.

शेवटी मला साडीनं तारलं. चौकाजवळच्या फुलवाल्या बाईला मी हातानं पदर दाखवला, तर तिनं लगेच एका गल्लीकडे बोट केलं. त्या गल्लीत एक म्हातारा दारात बसला होता, त्यानं न विचारताच पुढचं वळण दाखवलं. वळणावर एक लोखंडी जाळीचं दार अर्धं उघडं होतं. आत फरशीचं अंगण, चारी बाजूंना कुंड्या आणि मध्ये दोन वेताच्या खुर्च्या. एकीवर काळा झगा घातलेली एक वयस्क बाई आणि दुसरीवर आमच्या बाई. दोघींच्या मध्ये शेंगांचं टोपलं होतं. लांब, जाड, हिरव्या शेंगा. दोघी दाणे सोलत होत्या.

"आली काय?" बाई म्हणाल्या. "झालं काम?"

मी अंगणाच्या पायरीवर बसले. बाईंनी माझा चेहरा पाहिला आणि त्यांच्या लक्षात आलं. "भेली काय वं? मी कुठी जातो? इथून पाऊल नाई हलवलं. दार उघडं होतं, ही एकटी सोलून राहिलती, मी बसलो." आणि त्यांनी ओंजळभर शेंगा माझ्या ओटीत टाकल्या.

त्या म्हाताऱ्या बाईनं मला पाणी दिलं. ती तिच्या भाषेत सांगत होती आणि बाई त्यांच्या, असं बराच वेळ चाललं असावं. तिनं मला विचारलं की ही तुझी आई का. जाऊ या शब्दाला तिकडे काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, बहीण. मग तिनं भिंतीवरचा एक फोटो काढून आणला. शाळेच्या कपड्यांतली एक मुलगी, समोरचा दात पडलेला. ही तिची नात. मुलगी आणि जावई जर्मनीत कामाला गेले तेव्हा नात इथं ठेवून गेले होते. आजीनंच वाढवली. तिकडे घर मिळाल्यावर येऊन घेऊन गेले. आता रविवारी फोनवर बोलते, पण जर्मन शब्द मध्ये येतात.

बाईंनी विचारलं, "काय म्हनते ती?" मी सगळं सांगितलं. त्यांनी फोटो हातात घेतला, पुष्कळ वेळ पाहिला आणि परत देताना त्या म्हातारीच्या मनगटावर हात ठेवला. टोपलं रिकामं होईपर्यंत आम्ही तिघी शेंगा सोलत बसलो.

त्यानंतर दिवसभर बाई गप्प होत्या. मला वाटलं, मी फोनवर बसले त्याचं त्यांना लागलं असेल. संध्याकाळच्या उन्हात नदीकाठी बसलो होतो. समोर काही पोरं वल्ही मारत होडी नेत होती. मी मनाशी जे बोलायचं ठरवून आले होते ते बोलायला हीच वेळ बरी असं वाटलं.

"बाई," मी म्हटलं, "तुमी होत्या म्हणून मले हे सारं करता आलं. माही पोरगी तुमी वाढवली. मी कधी नीट बोलले नाही, पण मले रोज ते आठवते."

त्या नदीकडे पाहतच म्हणाल्या, "ते मी तुह्यासाठी नाई केलं."

मला कळलं नाही.

"मले पोरगी पाह्यजे होती," त्या म्हणाल्या. "पोरावर मले दुसरं झालं नाई. डॉक्टर झाले, देव झाले. मंग तुले पोरगी झाली, अन् तू कामाले लागली. तू गेली की ती पुरी माही होऊन जाये. माह्याजवळ झोपे, माह्याच हातानं जेवे. शाळेत तिनं 'माझी आई' निबंध लिहाले घेतला तं मले विचारे, कोनती आई लिहू. मी म्हनो, लिही तुह्या मनानं. तू सांगितल्यापेक्षा दोन दिवस आधी परत आली की मले बरं नाई वाटे. खरं सांगतो. तुही गाडी फाटकात आली की ती धावत जाये, अन् मी पोळ्या लाटत राहो."

होडी पुलाखालून गेली. इतकी वर्षं परदेशातल्या त्या बंद खिडक्यांच्या खोल्यांत मी स्वतःला दोष देत बसले होते की माझ्यामुळे एका बाईच्या जिवाला त्रास होतो आहे. मुलीला पहिली पाळी आली तेव्हा मी तुर्कस्तानच्या विमानतळावर होते. फोनवर बाईंनी 'सारं केलं मी, तू काळजी नको करू' म्हटलं तेव्हा मी तिथल्या खुर्चीवर रडले होते. आणि तो दिवस त्यांचा सणाचा होता. हे कळल्यावर मला जे वाटलं, ते चक्क मत्सरासारखं होतं. आपल्या मागं आपल्या घरात कुणी इतकं सुखी होतं, हे ऐकायला चांगलं वाटायला हवं, पण आधी तसं वाटत नाही.

"राग आला काय?" बाईंनी विचारलं.

"आला थोडा."

"येऊ दे. मले बी तुहा येत जाये. त्या म्हातारीसारखं माहं नाई झालं. तू पोरीले घेऊन कुठी गेली नाई. तुह्या यजमानाले पुन्याची बदली भेटत होती तवा तू नाई म्हनलं, मले माहीत आहे."

ते खरं होतं. पण बदली नको म्हणण्यात माझ्या नोकरीचाही हिशेब होता, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "असू दे. माह्या कामी आलं."

आम्ही ऊन उतरेपर्यंत तिथंच होतो. राग तसा लवकर गेला. त्याच्या जागी हलकं हलकं काहीतरी आलं, ते मला आधी ओळखू आलं नाही. मुलीच्या लहानपणाबद्दल मी त्यांना एकेक विचारायला लागले. ती रात्री गोष्ट कोणती मागायची, सायकल कुणी शिकवली, चिडली की काय करायची. यातलं काही मला माहीत होतं असं मला वाटत होतं. बाई सांगत गेल्या. पूर्वी मी हे कधी विचारलं नव्हतं, कारण विचारलं की आपण तिथं नव्हतो हे आठवायचं. त्या संध्याकाळी तसं झालं नाही. एकदा मुलीनं भासऱ्यांच्या दुकानातलं भोपळ्याचं बी गुपचूप आमच्या गच्चीवरच्या सगळ्या कुंड्यांत पेरलं आणि माझा मोगरा वेलांखाली गेला, ही गोष्ट सांगताना त्या इतक्या हसल्या की शेजारच्या बाकावरचं जोडपंही हसायला लागलं. त्या मोगऱ्याला काय झालं होतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी सकाळी मुलीला व्हिडिओ कॉल केला. ती होस्टेलच्या जिन्यावर बसली होती. "मोठी आई, कुणाचं स्वेटर घातलंय ते?" हा तिचा पहिला प्रश्न. बाईंनी तिला झाडं दाखवली, कडू संत्र्यांचं सांगितलं, शेंगांचं सांगितलं. हरवल्याचं सांगितलं नाही. ती माझ्याशी बोलायला लागली तेव्हा बाई उठून बाल्कनीत गेल्या. मी त्यांना हाक मारून परत बोलावलं आणि मोबाइल दोघींच्या मध्ये टेबलावर टेकून ठेवला.

परत आल्यावर बडनेऱ्याला भासरे घ्यायला आले होते. गाडीत त्यांनी बाईंना हळूच विचारलं, "पाय गिय दुखले काय?" बाई म्हणाल्या, "नाई." पुढे राजापेठ आल्यावर भासरे म्हणाले, "दोन दिवस भाजी मीच केली. वांगे करपले." बाई म्हणाल्या, "करपतीनच."

पंधरवड्यानं मुलगी सुट्टीला आली. ती आली की बॅग दारात टाकून आधी खाली बाईंच्या स्वयंपाकघरात जाते, हे नेहमीचं. मी तोपर्यंत वर आमच्या खोलीत तिची वाट पाहत बसत असे. काहीतरी काम काढून, तिच्या कपाटाचे कप्पे आवरत, कान जिन्याकडे ठेवून. ती अर्ध्या-पाऊण तासानं वर यायची आणि मग मी तिला जवळ घ्यायचे.

त्या दिवशी मी जिना उतरून खाली गेले. बाई ज्वारीच्या भाकरी थापत होत्या आणि मुलगी ओट्यावर बसून पाय हलवत होती. माझ्याकडे पाहून ती थोडी चकित झाली. बाईंनी पीठ लागलेल्या हातानं पाट पुढे सरकवला.

"बस," त्या म्हणाल्या. "इले सांगून राहिलो मी, ते झाड कसे झोडपत होते ते."

मी पाटावर बसले. पहिली भाकरी फुगली, ती बाईंनी मुलीला दिली. दुसरी मला.